बोट घालून उघडलेलं काळीज

माहं नाव कौतिका. गाव म्हनाल त जन्माचं जामजवळचं, लगनाचं आर्वी, आनि मरनाचंही आता आर्वीच, कारन मी इथून हलनार नाई हे साऱ्याइले सांगून टाकलं हाय. लिहून घेता त घ्या, भाऊ, पन एक गोष्ट आधीच सांगते, बिचारी म्हनून लिहू नका. बिचारी म्हननारे लय झाले. दारात येतात, तोंडाले पदर लावतात, बिचारी म्हनतात, आनि घरी जाऊन नवऱ्याले सांगतात, अजून मेली नाई वाटते.

माहा बाप गावचा कोतवाल होता. म्हनजे गावानं हाक मारली का धावाचं, दवंडी द्याची, सायबाचं सामान डोक्यावर घ्याचं, कोनाचं ढोर मेलं त वढून न्याचं. माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचे. लेकरं गंज झाली, जगलो दोघंच, मी आनि माहा मोठा भाऊ महादेव. मी परकरात होती तवा मले ताप आला. साधा ताप नाई, आज गुडघा सुजे त उद्या कोपर, कोपर उतरलं का मनगट, अंगाले कोनाले हात लावू देत नव्हती मी. मायनं रुईची पानं शेकून बांधली, लय दिवस खाटेवर होती, मंग उतरलं सारं. माय म्हने, सुटली माही पोट्टी. कुठची सुटली? तो ताप सांध्यातून निघाला तो काळजात जाऊन बसला. पन हे मले मद्रासकडच्या डाक्टरनं सांगितलं तवा कळलं, तोवर सारे मले आळशीच म्हनत.

आर्वीले दिलं मले दौलतच्या घरी. दौलत जिनात, म्हनजे सरकी काढाच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी बांधाच्या कामावर, अंगानं धिप्पाड, बोलाले कमी. घरात तो आनि त्याची माय, दुसरं कोनी नाई. त्याच्या मायले मी बुढीच म्हनते, तोंडावरही म्हनते. आधी मी सासूबाई म्हनो, पन तिनं ते नातं ठेवलं नाई म्हनून मी तो शब्द सोडला. मीबी जिनात जाऊ लागली, सरकी काढाच्या यंत्राम्होरं कापूस टाकाचं काम. तिथं कापसाचा भुस्सा इतका उडे का बायाइच्या भिवया पांढऱ्या होत. साऱ्याच खोकलत, मीबी खोकले. पन त्या खोकलत आनि टोपलं उचलत, मी खोकली का भिंत धराची. मुकादम म्हने, हे बाई नखरेल हाय. घरी आली का बुढी म्हने, चार पावलं चालली त इले दम लागते, कोन्या राजाच्या घरून आली हाय? दिवस राह्यले दोनदा. पयलं पडलं, दुसरी पोरगी झाली ते निळी झाली, रडलीच नाई. तवा मी वाचली कशी ते मलेच ठाऊक नाई, बुढीनं मातर बाहेर जाऊन बायाइले सांगितलं, नात खाल्ली तिनं.

मंग एक दिवस खोकता खोकता तोंडातून रगत आलं. झालं. क्षय हाय म्हनले सारे. माही ताटली वेगळी, लोटा वेगळा, खाट गोठ्याच्या पडवीत. दौलत दुरून इचारे, कसं हाय. मी म्हनो, जवळ येऊन पाय ना कसं हाय. तो नाई आला. काय सांगू तुमाले, मानूस आपल्या घरात परका होते तवा त्याले आपल्या जीवापेक्षा आपलाच राग जास्त जगवते. मी त्या पडवीत पडून रोज मनात म्हनो, मरनार नाई, या बुढीच्या म्होरं त नाईच मरनार.

त्याच सालात नागपूरले दीक्षा झाली. आमच्या वस्तीतले सारे गेलते, पायी, बैलगाडीनं, रेल्वेनं. मीबी गेली, महादेव घेऊन गेला मले, तो तवा वर्ध्याले रेल्वेत गँगमन होता. गर्दीत मले उभं राहवे ना, रस्त्याच्या कडेले बसूनच मी हात जोडले, बसूनच ते शब्द म्हनले. परत आल्यावर दौलतनं घरातले सारे देव फडक्यात बांधले आनि नदीत सोडले. बुढी एक शब्द बोलली नाई. मले तेव्हाच समजाले पाह्यजे होतं, बुढी गुपचूप बसली म्हनजे काईतरी लपवलं. देवीचा टाक तिनं कनगीत जवारीच्या खाली दाबून ठेवला होता.

महादेवनं मले वर्ध्याच्या दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डाक्टरनं छातीले नळी लावली, परत लावली, दुसऱ्याले बोलावलं, मंग म्हने, क्षय नाई इले, काळजाची झडप चिकटली हाय. तिकडे मद्रासकडे एक मिशनचा मोठा दवाखाना हाय, तिथं हे काम करतात, इथं नाई होत. महादेव घरी येऊन दौलतले म्हने, चाल संगं. दौलत म्हने, जिनाचा हंगाम हाय. भाऊ, हंगाम! माह्या काळजाचं दार लागत आलतं आनि त्याले कापसाचा हंगाम दिसे. महादेवनं त्याच्याकडे असं पाह्यलं का मले वाटलं आता मारते. मारलं नाई त्यानं. मले उचललं, पाठीवर घेतलं, आनि वर्ध्याहून आमी मद्रासच्या गाडीत बसलो.

तिथं आपली बोली कोनाले समजे ना. एक काळी उंच नर्स होती, तिले मोडकंतोडकं हिंदी ये, तिच्याच जिवावर आमी बोलो. मोठ्या डाक्टरनं कागदावर काळीज काढून दाखवलं, म्हने यात दरवाजे असतात, तुह्या या दरवाजाले फट तेवढी उरली हाय, रगत तिकडे जाते कमी नि मागं तुंबते जास्त, म्हनून दम. मी इचारलं, मंग तुमी काय करनार? तो म्हने, फासळ्याच्या मधातून आत जाईन, काळजाच्या कप्प्याले बारकं भोक पाडीन, बोट आत घालीन आनि बोटानं दरवाजा मोकळा करीन. काळीज चालूच राहीन. महादेवनं तो कागद पालथा घातला. मी म्हनलं, घाला बोट. आजवर सारे बाहेरून बोट दाखवत होते, तुमी आतून घाला.

महादेवचं रगत माह्या अंगात गेलं हे मले मागून समजलं. नाकावर टोपी ठेवली एवढं आठवते. शुद्धीवर आली त डाव्या अंगाले आग, छातीखालून पाठीपावतर टाके, खोकलं का जीव जाये. पन भाऊ, श्वास! पोट भरून श्वास. लहानपनानंतर पयल्यांदा मी सपाट उतानी झोपली. नर्स म्हने, हसो मत, टाका टूटेगा. मी हसतच होती.

परत आली तवा वस्तीतल्या बाया टाके पाहाले आल्या. बुढी दारातच उभी, म्हने, कातडं शिवून आली का? मी तिच्या डोळ्यादेखत विहिरीवर गेली, पानी काढलं, घागर कमरेवर घेऊन आली, मधात थांबली नाई. तिचं तोंड असं झालं का त्या घागरीपेक्षा मले तेच गोड वाटलं. थोडे महिने असे गेले. जिनात परत गेली, मुकादम म्हने, आता बरी दिसतेस.

मंग एक दिवस जिनातच, टोपलं वाकून उचलाले गेली, आनि छातीत काईतरी सुटलं. कसं सांगू? टोपल्याखाली जिती कोंबडी झाकली का ते कशी फडफडते, तशी छाती. एक ठोका जोरात, दोन हळू, मंग एक येतच नाई, आनि त्या न येनाऱ्या ठोक्याच्या जागेवर मानूस खड्ड्यात पडल्यासारखं होते. घाम सुटला, डोळ्याम्होरं काळं झालं. मले वाटलं टाका उसवला. महादेवनं वर्ध्याले नेलं, डाक्टर म्हने, टाका ठीक हाय, दरवाजा उघडा हाय, पन इतके साल रगत तुंबून तुंबून वरचा कप्पा फुगून ढिला झाला, त्याची चाल बिघडली, आता ते सुधरेल असं वाटत नाई. मले एवढा राग आला का मी म्हनलं, मंग छाती कशाले फाडली माही? तो रागावला नाई. म्हने, फाडली नसती त या बिघडलेल्या चालीनंच एका दिवसात मेली असतीस, आता हिच्यासंगं जगता येते. त्यानं बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या, रोजची एक, मनगट धराले शिकवलं, म्हने ठोके लय हळू पडाले लागले, मळमळ झाली नाईतर सारं पिवळं दिसाले लागलं त गोळी बंद कर आनि इकडे ये. जेवनात मीठ नाई. वजन उचलाचं नाई. लेकरू नाई.

घरी आल्यावर मी हे सारं सांगितलं, शेवटचं दौलतनं ऐकलं आनि उठून बाहेर गेला.

मीठ नाई म्हनून मी चूल वेगळी मांडली. बुढी साऱ्याइले सांगे, माह्या हातचं इले इख वाटते. आनि ठोक्याचं तिनं काय केलं? एक दिवस मी उंबऱ्यावर बसून छाती दाबून धरलेली, ते म्होरं येऊन बसली, मान हलवली, म्हने, मले समजलं. देव नदीत टाकले तुमी, म्हनून आई तुह्या छातीत येऊन बसली, ते नाचून राह्यली आत. मी म्हनलं, बुढे, तुही देवी कनगीत हाय, मी कालच जवारी काढताना पाह्यली, छातीत कुठून येईन? तवा तिचा चेहरा पांढरा झाला. तिनं मले ते कधी माफ केलं नाई. मीबी कुठं माफ करून राह्यली.

दोन दिवसांनी माही गोळ्याची शिशी गायब. सारं घर पालथं घातलं. बुढी म्हने, नाल्यात टाकली, आईले गोळीनं बांधून ठेवतेस त ते जाईन कशी? दौलत तिथंच विडी ओढत बसलेला. मी म्हनलं, तुह्या मायनं माहा जीव नाल्यात टाकला, काई बोल. तो म्हने, तिले वाटलं म्हनून टाकली असन. वाटलं म्हनून! महादेवले निरोप धाडला पन तो लाइनीवर दूर गेलता. पाय सुजाले लागले, आडवं पडता येई ना, बसल्या बसल्या डुलक्या घेई, आनि कोंबडी आतून छाती फोडाले पाहे.

त्याच हालात भर दुपारी बुढीनं एक भगतीन आनली. वस्तीनं देव सोडलेले, म्हनून दुसऱ्या गावाहून आनली. मले भिंतीशी बसवलं, ऊद जाळला, लिंबू फिरवलं, ते केस मोकळे सोडून मले इचारते, बोल, कोन हायेस तू? धुरानं माहा श्वास कोंडला. परत इचारते, बोल, कोन हायेस? मी म्हनलं, मी कौतिका हाय, कोतवालाची पोरगी, आनि तू माह्या घरातून उठ. तिनं माहे केस धरले. मी ते निखाऱ्याचं भांडं उचललं आनि आंगनात भिरकावलं. हात भाजला, हा पाहा वन. भगतीन पळाली, बुढी बोंबलत बाहेर गेली, आनि मी तिथंच कोसळली. एवढं मातर सांगते, पडताना मले भेव नाई वाटलं, बरं वाटलं.

शेजारच्यानं गाडी जुंपली, महादेव रस्त्यातच भेटला, वर्ध्याले दवाखान्यात भरती केलं. सुया दिल्या, सूज उतरली, गोळी परत सुरू झाली. मधात एकदा सारं पिवळं दिसाले लागलं, भिंत पिवळी, भात पिवळा, महादेवचे दात पिवळे, मी सांगितलं त त्याइनं गोळी थांबवली, मंग कमी करून दिली. बरी झाली. महादेव म्हने, आता माह्याकडेच राह्य. त्याची बायको चांगली हाय, पन क्वार्टर एवढुसं, आनि मी म्हनलं, ते घर मी बांधलं हाय. नाल्याची माती मी खंदली, पोटात लेकरू असताना भिंती लिपल्या, छपराचे कवेलू मी झेलले. ते घर सोडून मी तुह्या दारात काऊन बसू?

गेली परत. आंगनात नवं लुगडं वाळत होतं. माहं नाई, बुढीचंही नाई. दौलतनं बाई आनली होती.

मी ओरडली नाई, मले ओरडता येत नाई, ओरडलं का ठोका सुटते. मी वस्तीतल्या पंचाइकडे गेली, सकाळी सारे आंगनात बसले. दौलत म्हने, हे अर्धी मेलेली हाय, लेकरू देत नाई, घरात हिच्या दुखन्याचा वास येते. पंचातला एक म्हातारा मले म्हने, पोरी, तुह्यात दम नाई, भावाकडे जा, तिथं सुखानं राह्य. मी उठली. दौलतच्या म्होरं गेली, त्याचा हात धरला आनि साऱ्याइच्या देखत आपल्या छातीवर ठेवला. म्हनलं, पाय, अर्धी मेलेली अशी फडफडते का? मद्रासच्या परक्या मानसानं आत बोट घालून हे उघडलं, तुले बाहेरून हातबी लावता आला नाई आजवर. त्यानं हात असा वढून घेतला जसा विस्तवातून वढला, आनि भाऊ, तो हात त्यानं धोतराले पुसला. लगनाच्या नवऱ्यानं. साऱ्याइनं पाह्यलं.

त्या पुसन्यानं पंच फिरले. मी काई मोठं बोलली म्हनून नाई. तोच म्हातारा उठला आनि म्हने, आता एकीले सोडून दुसरी कराचा कायदा राह्यला नाई, आनि आपन दीक्षा घेतली ते हे कराले नाई घेतली. घराच्या मधात भिंत घाला, हिचा भाग हिले. दौलत म्हने, मंग राहा तिच्यासंगंच तुमी सारे. त्याच दिवशी त्यानं बाई घेतली आनि जामले गेला, तिथं रस्त्यावर चहाची टपरी टाकली म्हनतात. बुढी त्याच्या मागं वस्तीच्या टोकापावतर धावली. तो म्हने, तुले मंग नेतो, माय.

ते मंग अजून आलं नाई.

बुढीले वाटे मी हासीन. हासली मी. काऊन नाई हासू? तिनं माहा जीव नाल्यात टाकला आनि तिच्या पोरानं तिले माह्या भिंतीले टेकवून टाकलं.

जिनात गेली त मुकादम म्हने, मशिनीवर नाई घेत, माह्या डोळ्याम्होरं मरशील त लफडं. मी म्हनलं, मशिनीवर नको, बसून काम दे. नाई म्हने. मी फाटकात बसून राह्यली, येनाऱ्या जानाऱ्या बायाइले सांगत राह्यली का हा बसाचं कामबी देत नाई. शेवटी कटकट नको म्हनून त्यानं मले खराब कापूस आनि त्यातली वाळली पत्ती वेचाले बसवलं. आता तेच करते. ठोका सुटला का हात थांबवते, डोळे मिटते, कोनाशी बोलत नाई, ते छातीतली कोंबडी आपली फडफड करते आनि केव्हातरी बसते. आधी मी तिच्याशी भांडे, आता भांडत नाई. भांडाले भिंतीपल्याड एक हाय ना.

रोज सकाळी बुढी भिंतीवर लाकूड आपटते आनि इचारते, मेली का? मी म्हनते, नाई मेली, तू मर आधी. मंग तिची चूल पेटते. मागच्या हप्त्यात मले जवाब देता आला नाई, छाती अशी उधळली होती का तोंडातून शब्द निघे ना. ते दारात आली, कमरेवर हात ठेवून उभी राह्यली, म्हने, इथं मरशील त मले भिंतीतून वास येईन. पान्याचा लोटा उंबऱ्याच्या आत सरकवला पायानं. हातानं नाई, पायानं. मी पेली ते पानी. तोंड कोरडं पडलतं म्हनून पेली, दुसरं काई समजू नका. आनि लिहूबी नका.

महादेव म्हनते, डाक्टर म्हने किती साल निघतील सांगता येत नाई. न सांगो. दरवाजा उघडा हाय तोवर रगत जाईन, जाईन तोवर मी आर्वीत राहीन. तुमचं भलं होवो, भाऊ, तुमच्या लेकराबाळाइले चांगले सांधे नि चांगलं काळीज मिळो. जाताना त्या बुढीच्या दारावरून जाजो. काय काय सांगितलं मी ते तिले सांगू नका. नाई, सांगाच. जोरात सांगा, तिले कमी ऐकू येते.